रोपाची पिशवी आणि पांढरी मुळी

डाळिंबावरच्या तेल्याने आणि संत्र्यावरच्या डिंक्याने पोळलेले कितीतरी बागायतदार आज अ‍ॅव्होकॅडोकडे वळत आहेत. या पिकाला रोग कमी, असे त्यांना सांगितले जाते. ही समजूत खड्डे घेण्याआधीच दूर व्हावी, अशी माझी तळमळ आहे. विदर्भात संत्र्याला डिंक्या लावणाऱ्या फायटोप्थोराचाच एक भाऊबंद, फायटोप्थोरा सिनामोमी, अ‍ॅव्होकॅडोची मुळे कुजवतो. १९२२ साली सुमात्रात दालचिनीवर त्याचे पहिले वर्णन झाले. पुढे कॅलिफोर्निया, क्वीन्सलँड, दक्षिण आफ्रिका इथल्या बागांनी त्याचा मार सोसला.

अ‍ॅव्होकॅडोची अन्न घेणारी मुळे उथळ असतात, केशमुळे जवळजवळ नसतातच. मातीत पाणी साचले की रोगाचे बीजाणू पोहत मुळीच्या टोकाशी पोचतात. पांढरी मुळी काळी पडते, चिमटीत धरताच तुटते. वर पाने बारीक, फिकट, मलूल होतात. झाड तहानलेले दिसते म्हणून ठिबक आणखी चालवले जाते आणि कूज वाढते. आपल्याकडे पाऊसच कमी, मग भीती कसली, असे काहीजण म्हणतील. पण परतीच्या पावसात काळी जमीन आठवडाभर वाफशावर आली नाही, तर तेवढेही या रोगाला पुरते. म्हणून उंच गादीवाफा आणि निचऱ्याचा चर हीच पहिली फवारणी समजावी.

औषधे आहेतच, असाही आक्षेप येईल. दक्षिण आफ्रिकेत खोडात फॉस्फोनेट टोचून आजारी बागा सावरल्या, हे खरे आहे. मात्र त्याने जमिनीतला रोग संपत नाही. टोचणी पुन्हापुन्हा करावी लागते. क्वीन्सलँडमधल्या टॅम्बोरिन डोंगरावर सेंद्रिय आच्छादन, कोंबडीखत आणि चुना यांवर जोपासलेल्या बागेत रोगकारक मातीत असूनही झाडे तगली, कारण तिथली सूक्ष्मजीवसृष्टी त्याला डोके वर काढू देत नव्हती. आच्छादनाचा खर्च परवडेल का, ही शंका रास्त आहे. पण उसाचे पाचट आणि सोयाबीनचे भुसकट पेटवून देणाऱ्या शिवारात काडीकचऱ्याची वाण नाही. किडींच्या बाबतीतही भिस्त अशाच मित्रजीवांवर हवी. जहाल कीटकनाशकाने कोळी खाणारे मित्रकोळी मरतात आणि पुढची फवारणी अटळ होते.

राहता राहिली रोपवाटिका. रोग बहुधा पिशवीतल्या मातीतूनच शेतात येतो. खुंट कोणता, माती निर्जंतुक केली होती का, याचा लेखी दाखला रोपासोबत मिळावा, असा ठराव या परिषदेने करावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे.