गाळा चिंचपोकळीत, काम डोंबिवलीतून

कचेरीतल्या संगणकावर, तिथल्या फायलींवर आणि हिशेबावर दुसऱ्या ठिकाणाहून इंटरनेटमार्फत काम करण्याच्या सोयीला रिमोट अ‍ॅक्सेस म्हणतात. मोठ्या कंपन्यांकडे ही सोय बरीच वर्षे आहे. पाच-दहा माणसांच्या धंद्यालाही ती आता परवडते, आणि मुंबईसारख्या शहरात तिची गरज अशा धंद्यालाच अधिक असते.

चिंचपोकळीचा परिसर याचे चांगले उदाहरण आहे. गिरणी कामगारांच्या १९८२ च्या संपानंतर इथल्या आणि लालबाग-परळच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. आज या पट्ट्यात छापखाने, मसाल्याची दुकाने, सुट्या भागांचे व्यापारी आणि हिशेबनिसांच्या कचेऱ्या लहान लहान गाळ्यांत चालतात. जागा महाग, त्यामुळे टेबले मोजकी. नोकरवर्ग मात्र डोंबिवली-बदलापूरकडून येतो. चिंचपोकळीला फक्त धिम्या गाड्या थांबतात. जलद गाडीने येणाऱ्याला दादरला किंवा भायखळ्याला गाडी बदलावी लागते.

पहिला फायदा काम न थांबण्याचा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहर ठप्प झाले. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे सर्वसामान्यांसाठी बंद झालेली लोकल १ फेब्रुवारी २०२१ ला, तीही ठरावीक वेळांतच, खुली झाली. दरवर्षीचा अडथळा गणेशोत्सवाचा. ‘चिंचपोकळीचा चिंतामणी’ आणि ‘लालबागचा राजा’ या गणपतींच्या दर्शनाच्या गर्दीत इथले रस्ते दहा दिवस भरलेले असतात. सरकारी मुदती मात्र हलत नाहीत. २०२४ मध्ये गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला आली. दरमहा जीएसटी भरणाऱ्यांची विक्रीचे विवरण देण्याची ११ तारीख नेमकी मधे पडली. अशा वेळी हिशेबनिसाला घरून गाळ्यातला संगणक उघडता आला, तर विवरण वेळेत जाते.

दुसरा फायदा हिशेब एकच राहण्याचा. फाइल पेनड्राइव्हवर घरी नेली की तिच्या दोन प्रती होतात आणि कोणती खरी, हा घोळ सुरू होतो. दुरून काम केले तर प्रत गाळ्यातच राहते. बाजारात फिरणारा विक्रेता शिल्लक माल तिथूनच पाहून ऑर्डर घेतो. तिसरा फायदा खर्चाचा. पूर्णवेळ हिशेबनीस न परवडणारी दोन-तीन दुकाने एकाच माणसाकडून काम करून घेऊ शकतात. संगणकाची किरकोळ दुरुस्तीही तंत्रज्ञाच्या फेरीशिवाय होते.

ही जोडणी मुख्यतः दोन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात, म्हणजे रिमोट डेस्कटॉपमध्ये, गाळ्यातल्या संगणकाचा पडदा घरी दिसतो. इंटरनेटवरून पडद्याचे बदलते चित्र आणि कीबोर्ड-माउसच्या हालचाली एवढेच जाते-येते. प्रत्यक्ष काम गाळ्यातच होते. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे व्हीपीएनमध्ये, घरचा संगणक सांकेतिक भाषेत बंद केलेल्या मार्गाने कचेरीच्या नेटवर्कला जोडला जातो. नुसत्या व्हीपीएनवरून हिशेबाची मोठी फाइल उघडली तर काम रेंगाळते आणि मधेच जोडणी तुटली तर फाइल बिघडू शकते. म्हणून आधी व्हीपीएन जोडून त्यातून रिमोट डेस्कटॉप चालवणे लहान धंद्याला सोयीचे पडते. त्यासाठी गाळ्यातला संगणक चालू राहावा लागतो. राउटर आणि संगणक यूपीएसवर ठेवावेत आणि वीज परतल्यावर संगणक आपोआप सुरू होईल, अशी मांडणी करावी.

जो मार्ग मालकाला आत नेतो, तो चोरालाही नेऊ शकतो. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे जोडणीचे दार, इंटरनेटवर थेट उघडा ठेवणे ही नेहमीची चूक. असे पोर्ट शोधणाऱ्या यंत्रणा अखंड चालू असतात आणि सोपा पासवर्ड सापडला की रॅन्समवेअर आत शिरते: सगळ्या फायली कुलूपबंद होतात आणि खंडणी मागितली जाते. त्यावरचे उपाय फारसे महाग नाहीत. प्रत्येकाचे खाते वेगळे असावे, पासवर्डशिवाय मोबाइलवरचा कोडही लागावा, आणि नोकरी सोडणाऱ्याचे खाते त्याच दिवशी बंद व्हावे. दुरुस्तीसाठी तंत्रज्ञाला दिलेला प्रवेश काम संपताच काढून घ्यावा. बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून सुटी ठेवावी. ‘बँकेतून बोलतोय’ असे सांगून कुणी संगणकावर किंवा मोबाइलवर पडदा दाखवणारे अ‍ॅप टाकायला लावले, तर फोन ठेवून द्यावा. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार रॅन्समवेअरसारखा हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवणे कंपन्यांना बंधनकारक आहे.

यंत्र चालवणे, माल बांधणे, मसाला कांडणे ही कामे दुरून होत नाहीत. म्हणून सुरुवात हिशेब, बिले आणि मालाची नोंद यांपासून करावी. एका माणसापुरती जोडणी महिनाभर वापरून पाहावी, बॅकअपवरून फाइल खरोखर परत मिळते का हे तपासावे आणि मगच इतरांना प्रवेश द्यावा.