पहाटेचे साडेचार

मागच्या दिवाळीनंतर माझी भाची कोरा लॅपटॉप घेऊन आली. म्हणाली, "मामा, यात लिनक्स टाकून दे, पण विंडोज पुसू नकोस. कॉलेजात दोन्ही लागतं."

लॅपटॉप तिचा, पावती तिच्या नावाची. पण बटण दाबलं की आत आधीच कुणीतरी राहायला आलेलं. त्याचं भाडं किमतीतच कापलेलं असतं, तुम्हाला विचारतो कोण! १५ फेब्रुवारी १९९९ रोजी कॅलिफोर्नियात काही लिनक्सवाले मायक्रोसॉफ्टच्या फॉस्टर सिटीच्या कचेरीवर विंडोजचे पैसे परत मागायला गेले होते. अटी मान्य नसतील तर परताव्यासाठी उत्पादकाशी बोला, असं परवान्यातच छापलं होतं. मायक्रोसॉफ्टनं त्यांना उत्पादकांकडे बोट दाखवलं. आपल्या सरकारी खिडक्यांवरची माणसं हे ऐकून गालात हसतील.

असो. लिनक्स चढवायला आठ जीबीचा पेनड्राइव्ह आणि एक संध्याकाळ पुरते. त्यातला लिनक्सचा वेळ अर्धा तास. बाकीचा सगळा वेळ आधीच्या बिऱ्हाडकरूची कुलपं उघडण्यात जातो.

पहिलं कुलूप बिटलॉकरचं. हल्ली बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिस्क परस्पर कुलूपबंद झालेली असते, मालकाला पत्ताही नसतो. सुरू होण्याच्या मांडणीत आपण थोडा हात घातला की विंडोज पुढच्या वेळी ४८ आकडी किल्ली मागतं. म्हणून भाचीला आधी वही काढायला लावली. ती मोबाइलवर फोटो काढायला निघाली होती. मी म्हटलं, लिही. सहा-सहा आकड्यांचे आठ गट, एक वाचणार, दुसरा लिहिणार, मग उलट तपासणार. लहानपणी पाढे म्हटले नाहीत तेवढ्या भक्तीनं तिनं ते आकडे म्हटले.

दुसरं म्हणजे फास्ट स्टार्टअप. विंडोज बंद केलं तरी पुरतं बंद होत नाही, एक डोळा उघडा ठेवून झोपतं. अशा अवस्थेत लिनक्सनं त्याच्या कप्प्यात लिहायला जाऊ नये, आणि शहाणं लिनक्स जातही नाही, नुसतं वाचू देतं. ती सोय बंद केली. सिक्युअर बूटला, म्हणजे सही नसलेल्या प्रोग्रामला सुरू होऊ न देणाऱ्या पहारेकऱ्याला, मात्र हात लावला नाही. जुनी मंडळी तो आधी बंद करायला सांगतात, पण उबुंटू, फेडोरा, डेबियन या लिनक्सच्या अवतारांना आता तो बंद करण्याची गरज पडत नाही. त्यांचा सुरुवातीचा छोटा प्रोग्राम, शिम, त्यावर मायक्रोसॉफ्टचीच सही असते. म्हणजे नव्या भाडेकरूला आत यायला जुन्याचीच चिठ्ठी लागते. मला हे अजून पचलेलं नाही, पण चालतं.

मग विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह ऐंशी जीबीनं आकसवला, पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं. एका पडद्यावर दोन पर्याय शेजारी शेजारी येतात: 'विंडोजच्या सोबत बसवा' आणि 'सगळी डिस्क पुसा'. इतकी वर्षं हे करतोय, तरी तिथे माझं बोट थबकतं. कागदपत्रांची प्रत बाहेर काढून ठेवली नसेल, तर थबकायलाच हवं.

रात्री नऊला दोन्ही बिऱ्हाडं नांदू लागली. सुरू करताना यादी येते, हवं ते निवडायचं. ती खुशीत गेली.

दुसऱ्या दिवशी दहाला फोन. "मामा, मी वर्गात आहे आणि लॅपटॉपात पहाटेचे साडेचार वाजलेत!"

मशीनच्या आत बॅटरीवर चालणारं एक घड्याळ असतं. विंडोज त्यात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स ग्रीनिचची. ती रात्री लिनक्समध्ये होती, त्यानं काटे ग्रीनिचला लावले. सकाळी विंडोजनं तेच काटे भारताचे समजून वाचले. आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, म्हणून फरक अचूक साडेपाच तासांचा. दोघंही आपापल्या जागी बरोबर. आपल्याशिवाय या घरात दुसरं कुणी राहत असेल, हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. लिनक्सला एका ओळीची आज्ञा दिली, की बाबा, तूही स्थानिक वेळच ठेव, आणि तंटा मिटला.

परवा पुन्हा तिचा फोन आला, मैत्रिणीचाही लॅपटॉप घेऊन येते म्हणून. मी म्हटलं, ये, पण वही आणायला सांग तिला.