आकडा की अक्षर?

‘१०’ ही खूण कागदावर उमटली म्हणजे तिचा अर्थ ठरला, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु किराणा दुकानाच्या वहीत ती दहा किलो तांदूळ दाखविते, घराच्या दारावर ती केवळ त्या घराची ओळख असते, आणि हजेरीपुस्तकात ती एका मुलाच्या नावाऐवजी उभी असते. दहा किलो आणि वीस किलो तांदळाची बेरीज करता येते. दहा क्रमांकाचे घर आणि वीस क्रमांकाचे घर यांची बेरीज करून तीस क्रमांकाचे घर मिळत नाही. खूण एकच, परंतु मूल्याचे प्रकार निराळे. माणसाला हा भेद प्रसंगावरून कळतो; संगणकाला तो सांगावा लागतो. तो कोणी, केव्हा आणि कसा सांगावा, हा संगणकविद्येतील एक जुना व महत्त्वाचा प्रश्न होय.

या प्रश्नाचे स्वरूप बिल्ड सिस्टीमच्या भाषांत फार स्पष्टपणे दिसते. संगणकाचा मोठा प्रोग्राम शेकडो, कधी हजारो फायलींत लिहिलेला असतो. त्यांतील कोणत्या फायलीचे यंत्रभाषेत रूपांतर प्रथम करावयाचे, कोणती कोणास जोडावयाची आणि कोणाला हात लावण्याची गरज नाही, हे पाहणारी व्यवस्था म्हणजे बिल्ड सिस्टीम. बांधकामावरील मुकादमाचे जे काम, तेच तिचे. या मुकादमाला हुकूम देण्यासाठी एक लहानशी भाषा लागते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७६ मध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ नावाची अशी व्यवस्था रचली. ती आजही वापरात आहे. तिच्या भाषेत प्रत्येक मूल्य म्हणजे निव्वळ मजकूर. २००० च्या सुमारास उदयास आलेल्या ‘सीमेक’नेही हाच मार्ग पत्करला. तेथे यादीसुद्धा अर्धविरामांनी जोडलेला मजकूरच असतो. त्यामुळे एखाद्या नावातच अर्धविराम आला, तर एका नावाची दोन नावे होण्याची भीती असते. ‘नो’, ‘ऑफ’, एकटे ‘एन’ हे अक्षर, किंबहुना ‘इग्नोर’ हा शब्दसुद्धा तेथे नकार म्हणून वाचला जाऊ शकतो.

सर्व काही मजकूर मानण्यात सोय आहे हे खरे. पण ती सोय कोठे अंगाशी येते ते पाहण्यासारखे आहे. २०१७ मध्ये सीमेकची ३.९ ही आवृत्ती निघाली आणि त्याच वर्षी तिच्यानंतर ३.१० ही निघाली. यांत मोठी कोणती? अक्षरे म्हणून तुलना केली तर बिंदूनंतरचा ‘१’ हा ‘९’ च्या आधी येतो, म्हणून ३.१० लहान. दशांश अपूर्णांक म्हणून पाहिले तरी ३.१० म्हणजे ३.१, म्हणून ते लहानच. आवृत्तीचा क्रमांक म्हणून पाहिले तर मात्र नवानंतर दहा येतात, आणि ३.१० मोठी ठरते. सीमेकमध्ये या तीन तुलनांसाठी तीन निराळे शब्द आहेत. योग्य शब्द निवडण्याचा भार लिहिणाऱ्यावर असतो.

बांधणीच्या सूचना पुष्कळ ठिकाणी ‘यामल’ या पद्धतीने लिहिल्या जातात. तेथे अवतरणचिन्हांवाचून लिहिलेले मूल्य पाहून यंत्र त्याचा प्रकार स्वतःच ओळखू पाहते. २०२१ मध्ये ‘पायथॉन’ या भाषेची ३.१० आवृत्ती आली, तेव्हा ३.१० असे उघडे लिहिले की यंत्र त्यास अपूर्णांक समजून शेवटचे शून्य गाळी आणि ३.१ मागे. ३.१ ही तर २००९ मधील आवृत्ती! दोन अवतरणचिन्हे घातली असती तर हा घोटाळा टळता.

फिनलंडचे युसी पाक्कानेन यांनी रचलेल्या ‘मेसन’ या व्यवस्थेने दुसरा मार्ग धरला. तिच्या भाषेत पूर्णांक, मजकूर, होय-नाही आणि यादी हे प्रकार वेगळे आहेत आणि एकाचे दुसऱ्यात गुपचूप रूपांतर होत नाही. मजकुरात आकडा मिळवू पाहिला तर काम थांबते व चूक दाखविली जाते. रूपांतर हवे असेल तर ते शब्दांत मागावे लागते. बाहेरून दिलेली निवड मजकुराच्या रूपानेच येते. पण तिचा प्रकार आधी जाहीर केलेला असल्याने ती वेशीवरच तपासली जाते. पूर्णांकाच्या जागी भलताच शब्द आला तर तो आत शिरत नाही.

या शिस्तीविरुद्ध असा आक्षेप येतो की त्यामुळे लिहिण्याचे श्रम वाढतात. ते वाढतात; परंतु चूक लिहिणाऱ्यासमोरच उघडी पडते, हा लाभ त्याहून मोठा आहे. तथापि प्रकार जाहीर केला म्हणजे सारे संपले, असेही नाही. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून ‘एरियन ५’ हे अग्निबाण पहिल्यांदाच उडाले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतील प्रोग्राम ‘एडा’ या प्रकारांबाबत अत्यंत काटेकोर भाषेत लिहिलेला होता. त्यात एका ६४ बिटांच्या अपूर्णांकाचे १६ बिटांच्या पूर्णांकात रूपांतर होत असे, आणि अशा पूर्णांकात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. आधीच्या ‘एरियन ४’ साठी ते पुरेसे होते. नव्या बाणाच्या उड्डाणात संख्या त्याहून मोठी झाली. या रूपांतराला संरक्षण दिलेले नव्हते. मुख्य व राखीव अशा दोन्ही यंत्रणा बंद पडल्या आणि सुमारे ४० सेकंदांत बाण चार उपग्रहांसह नष्ट झाला. त्यात माणूस नव्हता, एवढेच समाधान.

म्हणून रूपांतर करणाऱ्याने तीन गोष्टी पाहावयाच्या असतात: आलेले मूल्य कोणत्या प्रकारचे आहे, ते कोणत्या प्रकारात न्यावयाचे आहे, आणि नव्या जागेत ते संपूर्ण मावते काय. गणिताच्या उत्तरापुढे ‘किलो’ की ‘मीटर’ हे लिहावयाचा आग्रह शाळेत धरला जातो, तो मुलांना जाच वाटतो. त्या आग्रहामागील शहाणपण हेच आहे. यंत्राने अंदाज करावा आणि माणसाने त्यावर विसंबावे, यापेक्षा माणसाने अर्थ स्पष्ट लिहावा आणि यंत्राने तो पाळावा, ही वाटणी अधिक सुरक्षित होय.