दूरच्या राजधानीचें दर्शन

वर्धा जिल्ह्यांतील जुन्या पिढीनें आपल्या हयातींत दोन राजधान्या पाहिल्या. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीं हा जिल्हा त्या वेळच्या मध्यप्रदेशांत होता आणि राजधानी होती नागपूर. रेल्वेनें ऐंशी किलोमीटरांच्या आंत. सकाळच्या गाडीनें जावें, कचेरींतलें काम उरकावें, पोळ्याचा दुसरा दिवस असेल तर काळ्या-पिवळ्या मारबतींची मिरवणूक पाहावी आणि दिवेलागणीला घरीं परतावें, असा तो सोयीचा शेजार होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं नागपुरांत धम्मदीक्षा घेतली व दिली, तेव्हांही तें शहर राजधानीच होतें. त्यानंतर अठराव्या दिवशीं राज्यपुनर्रचना अमलांत आली, विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यांत गेला, आणि राजधानी साडेसातशे किलोमीटरांवर समुद्राकांठीं जाऊन बसली.

जवळच्या राजधानीला माणूस सहज जातो; दूरच्या राजधानीला कामापुरता जातो. कागदावर शिक्का हवा म्हणून मुंबईस गेलेला आर्वीचा किंवा हिंगणघाटचा शेतकरी तिचे उत्सव पाहण्यासाठीं कशाला थांबतो? मुक्कामाचा खर्च त्याला झेपणारा नव्हता. तेथील गणेशोत्सव, शिवाजी पार्कावरील महाराष्ट्रदिनाचें संचलन, हें सर्व त्याला मागाहून वर्तमानपत्रांतून कळे. नागपूरचें नभोवाणी केंद्र १६ जुलै १९४८ पासून सुरू झालेलें असल्यानें कानाला कांहीं मिळे. डोळे मात्र उपाशी राहत. दूरदर्शनानें ती उणीव थोडीफार भरून काढली, परंतु काय दाखवावें आणि केव्हां थांबावें हें तेथें दुसराच ठरवी. पुढें उत्सवमंडळांनीं मंडपांतच कॅमेरे बसविले व यूट्यूबवरून थेट दर्शन घडवूं लागलीं, तेव्हां प्रकार अगदीं निराळा झाला.

लालबागच्या गणपतीचेंच उदाहरण घ्यावें. १९३४ सालीं तेथील कोळी व बाजारांतले विक्रेते यांनीं हा उत्सव सुरू केला; बाजारासाठीं कायमची जागा मिळावी म्हणून केलेला नवस हें त्याचें मूळ. आज त्या मूर्तीच्या पायांपर्यंत पोहोंचण्यास तासन्‌तास रांगेंत उभें राहावें लागतें, आणि पोहोंचल्यावर क्षणभरांत पुढें ढकललें जावें लागतें. सेलूच्या एखाद्या ओसरीवर मोबाईल घेऊन बसलेल्या आजीबाईंना तेंच दर्शन हवें तितका वेळ मिळतें. धक्काबुक्की नाहीं, तशी पुण्याईही कमी, असें कोणी म्हणेल. तो वाद त्यांचा आणि गणपतीचा.

२०२५ सालीं अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती. लालबागची मूर्ति रात्रभर मिरवून दुसऱ्या दिवशीं सकाळीं गिरगांव चौपाटीवर आली. पण समुद्राला भरती आलेली, तराफा नवा, आणि मूर्ति कांहीं केल्या त्यावर चढेना. सारा दिवस ती पाण्यांत तशीच उभी राहिली. विसर्जन झालें तें रात्रीं नऊच्या सुमारास. पवनारला धाम नदींत गणपति बोळविणाऱ्या वर्धेकराला भरती-ओहोटी ही शाळेच्या पुस्तकांतली वस्तु. त्या दिवशीं त्यानें ती घरबसल्या पाहिली: पाणी चढतें कसें, माणसें हटतात कशीं, मग ओहोटीची वाट पाहत सारा जमाव कसा बसून राहतो. वर्तमानपत्रानें हा विलंब चार ओळींत सांगितला असता. कॅमेऱ्यानें तो जसाच्या तसा, कंटाळ्यासकट दाखविला. थेट चित्राचा खरा गुण हाच म्हणावा लागेल. कंटाळा ज्यांतून गाळला आहे, तो उत्सव राजधानीचा असला तरी खरा वाटत नाहीं.

६ डिसेंबरची गोष्ट उत्सवाची नव्हे. १९५६ सालीं त्या दिवशीं बाबासाहेबांचें महापरिनिर्वाण झालें, आणि दादरच्या चैत्यभूमीवर अभिवादनासाठीं दरवर्षीं विदर्भांतून गाड्या भरभरून जातात. माणसें शिवाजी पार्कावर मुक्काम करतात, येतांना पुस्तकें विकत घेऊन येतात. २०२० सालीं साथीमुळें घरूनच अभिवादन करावें असें शासनानें आवाहन केलें व तेथील थेट प्रक्षेपणाची सोय झाली. निर्बंध उठल्यावर मात्र गाड्या पुन्हां तशाच भरूं लागल्या. दर्शन घरीं मिळत असतांना प्रवासाचे हाल कशाला, असा हिशेब त्या माणसांनीं केला नाहीं. समुदायांत आपणही एक होतों, हें पडद्यावरून सिद्ध होत नसतें.

आतां विधिमंडळाचें कामकाजही थेट पाहतां येतें. कापसाच्या भावाविषयीं कोण काय बोललें, कोणत्या वेळीं बांकें रिकामीं होतीं, हें देवळीचा शेतकरी स्वतःच्या डोळ्यांनीं पाहूं शकतो, आणि ही लहानसहान गोष्ट नव्हे. पण त्याला मध्येंच हात वर करतां येत नाहीं. पडद्याखालीं चार शब्द लिहितां येतील, परंतु ते वाचावयास सभागृहांत कोणी बसलेला नसतो. याच जिल्ह्यांत एके काळीं उलट स्थिति होती. १९३६ सालीं गांधीजी शेगांवास, म्हणजे पुढच्या सेवाग्रामास, राहावयास आले; त्यांच्याशीं बोलतां यावें म्हणून व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनीं आश्रमांत टेलिफोन बसविला. तो तेथें आजही जपून ठेवलेला आहे. त्या तारेवरून दोन्ही बाजूंनीं बोललें जाई, आणि हांक मारण्याची गरज राजधानीला होती.

१९५३ च्या नागपूर करारास अनुसरून विधिमंडळाचें एक अधिवेशन नागपुरास भरतें. साथीच्या दिवसांत, २०२० व २०२१ सालीं, तें सुद्धां मुंबईंतच उरकलें. एरव्हीं हिवाळ्यांतले ते थोडे दिवस राजधानी पुन्हां एका गाडीच्या अंतरावर येते. वर्ध्याच्या फलाटावर त्या सकाळीं फलक गुंडाळून घेतलेले मोर्चेकरी दिसतात. घरीं राहिलेलीं माणसें त्या दिवशीं मंत्र्यांचीं भाषणें ऐकत नाहींत; मोर्च्याच्या गर्दींत आपला माणूस कोठें दिसतो कां, हें पडद्यावर शोधीत बसतात.