हात नेमका पोचतो कसा?

१९२०च्या दशकात मॉस्कोमध्ये निकोलाय बर्नस्टाइन या शास्त्रज्ञाने छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या सराईत कामगारांच्या हातांना छोटे दिवे बांधले आणि त्यांच्या हालचालींची छायाचित्रे घेतली. हातोडा दर वेळी जवळजवळ त्याच जागी बसत होता. खांदा, कोपर आणि मनगट मात्र प्रत्येक घावाला थोड्या निराळ्या वाटेने जात होते. एका सांध्याचा फरक दुसरा सांधा भरून काढत होता.

मग, श्रोतेहो, मेंदू हुकूम सोडतो तो कशाचा?

हुकूम निघतो कुठून, हे त्याआधीच कळले होते. १८७० साली बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागावर सौम्य वीजप्रवाह दिला, तेव्हा विरुद्ध बाजूचा पाय हलला. पण तिथल्या पेशी नेमके काय सांगतात, याचा सुगावा लागायला बरीच वर्षे जावी लागली.

१९८२ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील अपोस्टोलोस जॉर्जोपूलोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. भोवतीच्या आठ दिव्यांपैकी जो लागेल, त्याच्याकडे माकडाने मधून दांडा न्यायचा. त्या वेळी मेंदूतल्या एकेका पेशीचे विद्युतस्पंद नोंदले जात. बहुतेक पेशींना आपापली आवडती दिशा होती. हात त्या दिशेला निघाला की पेशी जोरात स्पंदत. दिशा बदलत गेली की स्पंद हळूहळू कमी होत. एकट्या पेशीवरून दिशा सांगता येत नाही. निवडणुकीसारखी सगळ्यांची मते मोजली, तर हात कुठे निघालाय ते बरेच अचूक कळते. या पेशी दिशा सांगतात की स्नायूंचा जोर, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही.

हात निघाल्यावरही काम संपत नाही. डोळ्यांनी दिलेली खबर हालचालीत उतरायला सेकंदाचा दहावा भाग किंवा थोडा जास्तच वेळ लागतो, तोवर हात बराच पुढे गेलेला असतो. म्हणून मेंदूला आधीच अंदाज बांधावा लागतो, आणि त्यात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो. पहिल्या महायुद्धात लहान मेंदूला गोळी लागलेल्या सैनिकांना गॉर्डन होम्स या ब्रिटिश डॉक्टरांनी तपासले. त्या सैनिकांचे हात लुळे पडले नव्हते, पण वस्तूकडे नेताना चुकत, पुढे निघून जात.

ही जाण आता उपचाराच्या वाटेवर आहे. पक्षाघाताने हातपाय न हलणाऱ्या एका अमेरिकन महिलेच्या मेंदूत ९६ सूक्ष्म विद्युतअग्रे बसवण्यात आली. पक्षाघातानंतर सुमारे पंधरा वर्षांनी, निव्वळ हात हलवण्याच्या विचाराने तिने यंत्रहाताकडून कॉफीची बाटली उचलवली आणि नळीने कॉफी प्यायली. हे २०१२ साली प्रसिद्ध झाले.

असा यंत्रहात डोळ्यांच्या भरवशावर चालतो, म्हणून सावकाश चालतो. पिट्सबर्गच्या संशोधकांनी मेंदूच्या स्पर्श ओळखणाऱ्या भागाला वीजसंकेत देऊन वापरणाऱ्याला यंत्राच्या बोटांचा स्पर्श जाणवून दिला. २०२१ साली त्यांनी दिलेल्या अहवालानुसार, वस्तू उचलून दुसरीकडे ठेवायला लागणारा वेळ सुमारे २० सेकंदांवरून १० सेकंदांवर आला.