पत्रकारितेची पदवी आणि पालकांचा निर्णय

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



बारावीचा निकाल लागला की व्यापारी कुटुंबांतील चर्चा बहुधा ठरलेल्या वाटांनी चालते. बी.कॉम., सी.ए., अभियांत्रिकी, फार तर व्यवस्थापन. अशा घरातील एखाद्या मुलीने पत्रकारितेची पदवी घेण्याची इच्छा व्यक्त केली की सारे घर क्षणभर स्तब्ध होते. बातम्या गोळा करीत दारोदार हिंडण्यासाठी पदवी कशाला, असा आजोबांचा प्रश्न असतो. आईला रात्री-अपरात्रीच्या कामाची काळजी वाटते. मुलीच्या डोळ्यांपुढे मात्र दूरचित्रवाणीचा झगमगाट असतो. तिघांच्याही म्हणण्यात काही तथ्य आहे. परंतु या शिक्षणाचे खरे स्वरूप त्यांपैकी एकालाही पुरते दिसलेले नसते.

आजोबांच्या प्रश्नाला इतिहासाचा आधार आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा पत्रकारितेची पदवी जगात कोठेच नव्हती. १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला, तेव्हाही ती नव्हती. पत्रकार होण्यासाठी अमुक पदवी हवीच, असा कायदा भारतात आजही नाही. २३ एप्रिल १९९२ रोजी रोखे बाजारातील गैरव्यवहार वृत्तपत्रातून उघडकीस आणणाऱ्या सुचेता दलाल यांचे शिक्षण संख्याशास्त्र आणि कायदा या विषयांतील होते.

मग हे शिक्षण निघाले कशासाठी? अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठात वॉल्टर विल्यम्स यांच्या पुढाकाराने १९०८ मध्ये पत्रकारितेचे स्वतंत्र महाविद्यालय उघडले. वर्ग सुरू झाले त्याच दिवशी तेथील विद्यार्थ्यांनी एक खरेखुरे दैनिकही काढले. वैद्यकाचा विद्यार्थी जसा रुग्णालयात शिकतो, तसा पत्रकारितेचा विद्यार्थी वृत्तपत्रातच शिकावा, ही त्यामागील कल्पना होती. भारतात १९४१ साली लाहोरच्या पंजाब विद्यापीठात प्रा. पी. पी. सिंग यांनी असा विभाग सुरू केला. पुणे विद्यापीठाचा विभाग १९६४ पासून रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत चालत आला. त्या काळी आपल्याकडे पत्रकारितेची पदवी बहुधा आधीच्या एखाद्या पदवीनंतर एका वर्षात घ्यावयाची असे. मुंबई विद्यापीठाने २००० च्या सुमारास बी.एम.एम. हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला आणि बारावीनंतर थेट या क्षेत्रात येण्याची वाट रुळली. २०१९ पासून त्याचे नाव बी.ए.एम.एम.सी. असे झाले. कला, वाणिज्य आणि विज्ञान या तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना तेथे प्रवेश असतो. पुढे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे चार वर्षांच्या पदवीचाही पर्याय आला.

बी.एम.एम.ची रचना पाहिली, तर पहिल्या दोन वर्षांत पत्रकारितेपेक्षा पायाभूत विषयांवर भर दिलेला दिसतो. संवादकौशल्य, विसाव्या शतकाचा इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यव्यवस्था, मानसशास्त्र असे ते विषय. तिसऱ्या वर्षी विद्यार्थ्याने पत्रकारिता किंवा जाहिरात यांपैकी एक शाखा निवडावयाची. पत्रकारितेकडे वळलेल्यास वार्तांकन, संपादन, वृत्तपत्रविषयक कायदे व नीती, प्रादेशिक पत्रकारितेचा इतिहास आणि व्यापारविषयक पत्रकारिता शिकावी लागे.

यांतील खरा कस वार्तांकनाच्या विषयात लागतो. कोण, काय, कधी, कुठे, का आणि कसे, या सहा ककारांची उत्तरे बातमीत यावी लागतात. सर्वांत महत्त्वाचे प्रथम आणि तपशील मागाहून, असा क्रम असतो. पानावर जागा कमी पडली आणि शेवटचा परिच्छेद कापला, तरी वाचकाचे नुकसान होऊ नये. हे तंत्र चार आठवड्यांत समजते. शहानिशा करण्याची सवय अंगी बाणण्यास मात्र वर्षे लागतात. एकाने सांगितले म्हणून लिहिले, असे चालत नाही. दुसऱ्या स्वतंत्र सूत्राकडून खातरजमा करावी लागते, कागद पाहावा लागतो आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणेही घ्यावे लागते. रोजमेळ जुळल्याशिवाय दिवाणजी घरी जात नाही, तीच ही शिस्त. स्मरणिकेतील देणगीदारांच्या यादीत एखादे नाव चुकले की केवढी नाराजी होते, हे येथे बसलेल्या सर्वांना ठाऊक आहे. मग गुन्ह्याच्या बातमीत एका नावाऐवजी दुसरे छापले गेले, तर त्या कुटुंबावर काय ओढवत असेल!

कायद्याचे शिक्षण येथेच उपयोगी पडते. राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले, तसेच त्यावरील वाजवी निर्बंधही सांगितले. अत्याचारपीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने कोणत्याही नागरिकाला सरकारी माहिती मागता येते आणि सामान्यतः ३० दिवसांत उत्तर मिळावे, अशी तरतूद आहे. कायदे बदलतही असतात. १ जुलै २०२४ पासून अब्रुनुकसानीची तरतूद जुन्या दंडसंहितेऐवजी भारतीय न्याय संहितेत गेली, तर १८६७ च्या मुद्रण व नोंदणी कायद्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली.

आता एक अवघड प्रश्न. घरातील मुलगी बातमीदार झाली आणि बातमी आपल्याच बाजारपेठेची निघाली, तर? वजनमापातील लबाडी किंवा करचुकवेगिरी यांवर तिने लिहावे की नाही? व्यापारी वर्ग वृत्तपत्रांना जाहिराती देतो. जाहिरात दिली म्हणजे आपल्याविरुद्ध काही छापून येणार नाही, अशी अपेक्षा कित्येकांच्या मनात नकळत असते. परंतु जाहिरातीच्या पैशात पानावरील जागा मिळते, संपादकाचे मौन मिळत नाही. हा भेद पुसला गेला की काय होते, ते २००९ च्या निवडणुकांत दिसले. पैसे घेऊन छापलेल्या प्रचाराला बातमीचे रूप दिल्याच्या तक्रारी महाराष्ट्रासह अनेक राज्यांतून आल्या आणि भारतीय प्रेस कौन्सिलला त्यांच्या चौकशीसाठी दोन सदस्यांची उपसमिती नेमावी लागली. मुलीला ही पदवी घेऊ देणे याचा अर्थ, उद्या तिने न्यायाने विचारलेला प्रश्न ऐकून घेण्याची तयारी ठेवणे. ज्या घराची ती तयारी नाही, त्या घराने शुल्क भरण्यापूर्वीच विचार केलेला बरा.

आईची काळजीही निराधार नाही. आरंभीचे वेतन बहुधा बेताचे असते. दिवाळीत आणि निवडणुकीत रजा मिळत नाही. नोकरीची शाश्वती कमी झाली आहे. म्हणून पदवीसोबत अर्थशास्त्र, कायदा, शेती किंवा आरोग्य यांपैकी एखाद्या विषयाचे सखोल ज्ञान असावे. ताळेबंद वाचता येणारा बातमीदार दुर्मिळ असतो आणि व्यापारी घरातील मुलांना ते बाळकडू घरातच मिळालेले असते. मराठी शुद्ध लिहिता यावी, इंग्रजी व हिंदीचे सहज वाचन असावे आणि संगणकावर मराठी टंकलेखन यावे.

महाविद्यालय निवडताना इमारत आणि स्टुडिओ पाहून भुलू नये. व्यापारी कापडाचा पोत हाताने पाहिल्याशिवाय भाव करीत नाही, तशीच पारख येथेही करावी. विद्यार्थ्यांचे प्रायोगिक वृत्तपत्र नियमित निघते काय? त्याचे मागील अंक पाहावयास मिळतात काय? वृत्तपत्रात प्रत्यक्ष काम केलेले प्राध्यापक आहेत काय? उमेदवारीसाठी विद्यार्थ्यांना कोठे पाठवितात? लिहिलेल्या मजकुरावर कोणी लाल शाईने दुरुस्त्या करते काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल, तर बाकीच्या पुष्कळ उणिवा चालतील.

ही पदवी घेतलेला प्रत्येक जण पत्रकार होईलच असे नाही. काही जण जाहिरात क्षेत्रात जातील, काही अध्यापनात, तर काही घरच्या पेढीवरही परततील. परंतु ऐकलेली गोष्ट तपासल्याशिवाय पुढे न सांगण्याची सवय तीन वर्षांत लागली असेल, तर ते शुल्क वाया गेले असे कोणी म्हणू नये. मोबाइलवर आलेला मजकूर न वाचताच दहा जणांना पाठविण्याच्या या दिवसांत, घरात अशी एक व्यक्ती असणे उपकारकच ठरेल.

तेव्हा यंदा निकालानंतर एखाद्या मुलाने वा मुलीने ही इच्छा बोलून दाखविली, तर तिला लगेच नकार देऊ नये आणि लगेच होकारही देऊ नये. एखादा विषय देऊन, चार माणसांना भेटून पानभर मजकूर लिहून आणण्यास सांगावे. तो मजकूर घरातील सर्वांनी वाचावा आणि प्रत्येक विधानापुढे ‘हे कशावरून?’ असे विचारावे. त्या प्रश्नाने मूल खट्टू न होता पुन्हा उठून माहिती आणावयास गेले, तर त्याला अवश्य जाऊ द्यावे.