माउंट रोडवरील उत्तुंग वास्तू
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी सभेतील भाषण)



आपली मुले अधूनमधून विचारतात, "या चेन्नईत आपले असे काय आहे?" या प्रश्नाचे उत्तर आम्ही आज एका इमारतीच्या इतिहासातून देऊ इच्छितो.

अण्णा सालैवरील, म्हणजे पूर्वीच्या माउंट रोडवरील, आयुर्विमा महामंडळाची इमारत आपण सर्वांनी पाहिली आहे. खेड्यातला नायक मद्रासला पोचला हे दाखवण्यासाठी तमिळ चित्रपटांनी तिचे दर्शन किती वेळा घडविले असेल, याची गणतीच नाही. सुमारे 177 फूट उंचीची ही वास्तू तीन दशकांहून अधिक काळ शहरात सर्वांत उंच होती.

तिचा संकल्प एम. सीटी. एम. चिदंबरम चेट्टियार यांचा. 1937 मध्ये इंडियन ओव्हरसीज बँक स्थापन करणारे हे उद्योगपती युनायटेड इंडिया या विमा कंपनीचे प्रमुख होते. आपल्या कंपनीसाठी त्यांनी ही वास्तू योजिली; परंतु मार्च 1954 मध्ये सिंगापूर येथील विमान अपघातात त्यांचे निधन झाले. पूर्ण झालेली इमारत पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

पुढे मालकही बदलला. जानेवारी 1956 मध्ये केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. 245 विमासंस्था सरकारच्या हाती आल्या आणि 1 सप्टेंबर 1956 रोजी महामंडळ अस्तित्वात आले. अर्धवट इमारतही त्याच्याकडे गेली. त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावरून चिंतामणरावांनी मंत्रिपद सोडले, हे आपणांस ठाऊकच आहे.

आराखडा लंडनच्या ब्राउन आणि मूलिन यांचा होता. 1957 मध्ये ते या कामातून बाजूला झाले. अशा वेळी दुसऱ्याने आखलेले काम पुरे करण्याची जबाबदारी स्वीकारली ती याच शहरात व्यवसाय करणारे वास्तुविशारद एल. एम. चितळे यांनी. ऑगस्ट 1959 मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्या हस्ते उद्घाटन झाले. जुलै 1975 मध्ये इमारतीला मोठी आग लागली. तरीही ती पुन्हा उभी राहिली.

श्रोतेहो, संकल्प चेट्टियारांचा, आराखडा इंग्रजांचा, घाम तमिळ मजुरांचा, आणि शेवट तडीस नेणारा हात एका चितळ्यांचा! यांपैकी कोणा एकाला "ही वास्तू माझी" असे म्हणता येणार नाही. पण तीत आपला वाटा नाही असेही कोणी म्हणू शकणार नाही.

आपल्या मंडळाचेही असेच आहे. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी पाया घातला, त्यांतील कित्येक आज आपल्यात नाहीत. त्यांचे अपुरे राहिलेले काम पुरे करणे हाच आपला वारसा. म्हणून मुलांनी पुन्हा विचारले, तर त्यांना माउंट रोडवर न्यावे, मान वर करून ती इमारत दाखवावी, आणि सांगावे, "ज्या गावाच्या कामाला आपला हात लागला, ते गाव आपले."